वेल्लोरला निघण्याआधी घरातलं एक दार मोज

अरे,

मणक्याला मार लागून कमरेखालचं गेलं की सगळ्यांना पडतो तोच प्रश्न तुझ्या मेसेजमध्ये तीनदा होता, वेल्लोरच्या रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, गेल्यावर चालायला येईल का. माझाही तोच होता. त्याचं उत्तर तपासून डॉक्टर देतील, मी कोण देणार. मी मात्र गेलो चालायला आणि परत आलो ते बेडवरून व्हीलचेअरच्या खुर्चीत अन् खुर्चीतून कमोडवर आपलं आपण सरकायला शिकून, आणि खरं सांगू, घरातल्यांचा जीव त्यानेच भांड्यात पडला.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची 1955 पासूनची पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे राहायची सोय होत असेल तर आधी तिकडे विचार, उगाच लांब जाऊ नको. वेल्लोरच ठरलं तर काटपाडी स्टेशनला उतरायचं आणि सीएमसीचं, म्हणजे तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं, रिहॅब मेन हॉस्पिटलला नाही, वेल्लोरमध्येच बागायम भागात आहे. ते 1966 ला ज्यांनी सुरू केलं त्या डॉ. मेरी वर्गीस स्वतः व्हीलचेअरवर होत्या, 1954 ला गाडीच्या अपघातात मणका गेला, तरी नंतर खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांची ऑपरेशनं करायच्या. बेडला वेटिंग असतं, तारीख पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नको.

आता प्रवास. इथेच मी चुकलो. खालचा बर्थ मिळाला, भावाने झोपवलं, आणि मोबाइलचा चार्जर माकडहाडाखाली राहिला, रात्रभर. कमरेखाली कळत नसल्यावर टोचणार कुठे? सकाळी रुपयाएवढा लाल डाग होता, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना, आम्ही म्हटलं जाईल. त्याची जखम झाली आणि मी कितीतरी दिवस पालथा पडून होतो, बाजूच्या जिममध्ये बाकीची पोरं पॅरलल बारला धरून उभी राहतायत आणि मी त्यांच्या चपला बघतोय. म्हणून झोपलेला असशील तर दर 2 तासांनी कूस बदलायची, बसलेला असशील तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन ढुंगण उचलायचं, अलार्म लाव, डब्यातले लोक बघतील, बघू दे. आणि लघवी होऊ नये म्हणून पाणी कमी पिऊ नको, सगळेच करतात ते, मग इन्फेक्शन घेऊन पोचतात.

सोबत आईला नको नेऊ. वाईट वाटेल तिला पण तुला उचलताना तिची कंबर जाईल. जो नंतरही गावात राहणार आहे तो ने, कारण लघवीची नळी कशी घालायची, कूस कशी वळवायची हे त्यालाही शिकवतात. भाषेचं टेन्शन नको, बंगालहून इतके पेशंट येतात की हॉस्पिटलजवळच्या लॉजवाल्यांना हिंदी येतं.

बाकी फोनवर बोलू. आज एक काम कर, टेप घेऊन संडासाच्या दाराची रुंदी मोजायला लाव, चौकट धरून नाही, आतली मोकळी, आणि उंबऱ्याची उंची पण. आमचं दार 22 इंच निघालं होतं आणि खुर्ची 25, ते मला घरी आल्यावर कळलं.

तुझा,
दादा