कराटे लावलं आणि पोरगं मारकुटं झालं!

परवा परत एका आईचा मेसेज आला. "मॅडम, मुलगा फार शांत आहे, मुलं त्रास देतात, कराटे लावू का? पण उद्या हाच मारामाऱ्या करायला लागला तर?" हा प्रश्न मला वर्षातून बऱ्याचदा येतो, जास्त करून जूनमध्ये, क्लासेसच्या ॲडमिशन चालू असतात तेव्हा. म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, मुलाला आपण ओम म्हणू.

ओम सहावीत. आई त्याला घेऊन आली तीच तणतणत. चार महिन्यांपूर्वी कराटे लावलं, नुकताच यलो बेल्ट मिळाला आणि आठवड्याभरात साहेबांनी स्कूल व्हॅनमधल्या एका मुलाच्या नाकावर बुक्की मारली. रक्त आलं, शाळेतून बोलावणं आलं. आईचं एकच म्हणणं, क्लास बंद. बाबा आले नव्हते. "त्यांना यात काही विशेष वाटत नाही," असं ती जाता जाता म्हणाली, ते मी लिहून ठेवलं.

पहिल्या सेशनला ओम बोललाच नाही, खुर्चीच्या कडेवर बसून दप्तराची चेन उघड-बंद, उघड-बंद. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, क्लासमध्ये काय शिकवलं ते दाखवतोस का? तर पठ्ठ्या लगेच उठला, मलाच टेबल सरकवायला लावलं. हेइआन शोदान, शोतोकान ही कराटेची शैली शिकणाऱ्या मुलांची बहुतेक ठिकाणी हीच पहिली काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, असते. वाकून रेई, म्हणजे नमस्कार, केला, डावीकडे वळला आणि हात सपकन खाली झाडला. गेदान बराई, म्हणजे खालून येणारा वार अडवायचा. ठोसा त्याच्यानंतर. मी सहज विचारलं, सुरुवात ठोशाने का नाही रे? तो थांबला. "सर म्हणतात, पहिला वार आपला नसतो." मग आवाज एकदम बारीक, "पण बाबा म्हणतात, आता कोणी काही बोललं की एक ठेवून द्यायची."

मिळालं उत्तर.

बाबा तिसऱ्या सेशनला आले, आणि माणूस अजिबात वाईट नाही हो. स्वतः लहानपणी मार खाल्लेला, पोराने खाऊ नये एवढंच डोक्यात. व्हॅनमधला तो मुलगा वर्षभर ओमचा डबा पळवत होता, "ढब्बू" म्हणून चिडवत होता, बाबांना हे माहीत होतं आणि त्यावरचा इलाज म्हणून कराटे. मी त्यांना म्हटलं, जे काम मोठ्यांनी शाळेशी आणि व्हॅनवाल्या काकांशी बोलून करायचं होतं ते तुम्ही सहावीतल्या पोरावर सोपवलंत. त्यांना ते लागलं, पण पटलं. गंमत म्हणून हेही सांगितलं की पहिला वार न करण्याचं हे सूत्र ज्या गिचिन फुनाकोशींचं, ज्यांनी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन कराटे दाखवलं, ते पेशाने शाळामास्तर होते. आणि 'हेइआन' या नावात शांततेचाच अर्थ आहे.

मग पालकांना विचारून क्लासच्या सरांना फोन केला. सरांनी आरडाओरडा केला नव्हता, महिनाभर यलो बेल्ट काढून घेतला होता, परत व्हाइट, रांगेत सगळ्यात शेवटी, आणि वर काम काय, नवीन आलेल्या पाच-सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांना बेल्ट बांधायला शिकवायचा. ओमने हे आधी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी आला तर माझ्या ओढणीवर मला गाठ शिकवत होता. "दोन्ही टोकं सेम यायला पाहिजेत, नाहीतर सर सोडून परत बांधायला लावतात. एक छोटी आहे, तिला सात वेळा दाखवलं."
"चिडला नाहीस?"
"चिडलो. पण तिला येतच नव्हतं ना, ती काय मुद्दाम करत होती?"

हे मी त्याला कितीही सेशन घेऊन शिकवू शकले नसते, खरं सांगते.

पण सगळे क्लास असे नसतात. काही ठिकाणी दर तीन महिन्यांनी फी भरा, परीक्षा द्या, बेल्ट न्या, कोणी नापास होतच नाही. त्यामुळे लावायच्या आधी तासभर मागे जाऊन गुपचूप बसा. किक किती उंच जाते ते बघू नका. ज्याला जमत नाही त्या मुलाशी सर कसे बोलतात, कुमितेमध्ये, म्हणजे दोघांच्या सरावाच्या लढतीत, एखाद्याने जोरात मारलं तर ते काय करतात, ते बघा. आणि मूल शाळेत त्रास सोसत असेल तर आधी तो त्रास थांबवा, कराटे नंतर.

ओमचा क्लास बंद झाला नाही. त्याने त्या मुलाला सॉरी म्हटलं, दोघांचे पालक शाळेत भेटले, व्हॅनमधल्या जागा बदलल्या, डबा आता शाबूत घरी येतो. मैत्री वगैरे झालेली नाही, बहिणीवर अजून खेकसतोच.

डिसेंबरमध्ये ऑरेंज बेल्टच्या परीक्षेत तो नापास झाला. आईने घाबरून फोन केला, पण ओम स्वतः फोनवर येऊन म्हणाला, "काता जिथून सुरू केली तिथेच संपायला हवी, मी दीड पाऊल मागे संपलो." मार्चमध्ये परत देणारे. सध्या हॉलमधल्या फरशा मोजत प्रॅक्टिस चालू आहे, आणि रोज सोफा सरकवायचं काम बाबांकडे आहे.