कॉर्सेअर टोळीतलं पात्र नुसतं दरोडेखोर वाटू नये यासाठी काय करावं? (बडोद्यातल्या टेबलटॉप गटासाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळणाऱ्यांसाठी)

सगळ्यात आधी परवाना ठरवा. कॉर्सेअर कुठल्यातरी सत्तेच्या आशीर्वादाने लुटतो, तिथेच तो साध्या चाच्यापासून वेगळा पडतो. परवाना कुणाचा, कुठल्या निशाणाच्या जहाजांवर चालतो आणि लुटीतला किती हिस्सा दरबारात जातो, या तीन ओळी पात्राच्या कागदावर हव्यातच. त्या नसल्या की दुसऱ्याच सत्रात पात्र दिसेल त्याला लुटायला लागतं आणि गटात भांडणं होतात. लूट वाटायचा सोपा हिशेब: चौथा भाग दरबाराचा, चौथा जहाजाच्या डागडुजीचा, उरलेला खलाशांचा.

लढाईसाठी आपल्याच आंग्र्यांचं आरमार समोर ठेवा, याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. वल्ह्यांची हलकी गलबतं वारा पडला की जड गुराबांना, म्हणजे शिडांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढून नेत. हल्ला शत्रूच्या पिछाडीवर, कारण तिकडे तोफा कमी. मारा आधी डोलकाठ्या आणि शिडांवर. जहाज लंगडं झालं की मगच माणसं चढवायची. खेळाडू पहिल्याच फेरीत उडी मारतात आणि थेट तोफांसमोर सापडतात.

गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) भरती-ओहोटीची वेळ विचारत राहा. खंबातच्या आखातात पाण्याची पातळी 10 मीटरच्या आसपास वरखाली होते. नकाशावर तशी खाडी असेल तर उथळ बुडाचं गलबत निसटतं, पाठलाग करणारं जड जहाज गाळात रुततं.

बोलताना ‘सुकाणू’, ‘नाळ’ (जहाजाचं पुढचं टोक), ‘तांडेल’ (खलाशांचा म्होरक्या) हे शब्द वापरा. इंग्रजी आरोळ्यांची गरज पडत नाही.