दोन मशीन, एक टाकी : ओबीएमची प्रश्नोत्तरे

नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्यात पडला की माझा फोन सुरू होतो. तीस वर्षं ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायची मशीनं, उघडतोय, पण गेल्या दोन-तीन हंगामांत प्रश्नांचा सूर बदललाय. आधी लोक विचारायचे, "मशीन का बंद पडलं?" आता विचारतात, "दोन मशीन लावली तर बंद पडणार नाही ना?" पर्यटकांच्या बोटी वाढल्या, तशा मागच्या फळीवर जोड्याही वाढल्या. सगळ्यांना वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहितो.

मालवणहून एक पर्यटक बोटवाले : एक 80 हॉर्सपॉवरचं घेऊ की दोन 40 ची? दुकानदार म्हणतो, जोडीच घ्या, वेग तोच मिळतो आणि भरवसा दुप्पट.

वेग तोच मिळत नाही. दोन 40 ची मिळून वजन एका 80 पेक्षा जास्त भरतं आणि पाण्यात एकाऐवजी दोन पाय, म्हणजे मशीनचा पंख्यासकट बुडालेला खालचा भाग, ओढत न्यावे लागतात. भरवशाचंही गणित करू. धरून चला, एक मशीन शंभर फेऱ्यांत एकदा दगा देतं. दोन लावलीत तर शंभरात जवळपास दोन फेऱ्यांना कुठलं तरी एक रुसणार, म्हणजे दुरुस्तीचा खर्च दुप्पट. दोन्ही एकाच फेरीत जाण्याची शक्यता मात्र दहा हजारांत एक. तुम्ही पैसे मोजताय ते या शेवटच्या आकड्यासाठी. पण दोन्ही मशीनांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तरच तो आकडा खरा. ते पुढच्या उत्तरात.

तुमच्या बोटीची मागची फळी किती वजन आणि किती ताकद पेलते, हे बोट बांधणाऱ्याकडून लेखी घ्या. दुकानदाराला विचारू नका, त्याला मशीन विकायचंय.

हर्णैहून एक तांडेल : दोन्ही मशीनना एकाच टाकीतून पेट्रोल दिलं तर काय बिघडतं? सगळे तसंच करतात.

सगळे करतात म्हणूनच मी म्हातारा होईपर्यंत मला काम पुरलं.

दादा, टाकी एक, नळी एक, फिल्टर एक आणि बॅटरीही एकच असेल, तर तुमच्याकडे दोन मशीन नाहीत. दोन पंख्यांचं एक मशीन आहे. टाकीत पाणी शिरलं तर ते डावं-उजवं बघत नाही. आधी एक गचके खातं, तुम्ही त्याच्याकडे धावता, तोवर दुसरं खोकायला लागतं. माझ्यावर आचऱ्यासमोर हेच आलं होतं. टाकीच्या झाकणातलं रबराचं वायसर चिरलं होतं, आदल्या रात्रीचा पाऊस आत गेला होता. चार रुपयांची वस्तू आणि दोन मशीन मुकी. नांगर टाकून दीड तास बसलो.

घरी करून बघा. फिल्टरच्या वाटीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनला पाजू नका. त्यात आता इथेनॉलची भर. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतली नळी पेट्रोल उचलते तीही तळातूनच. बहुतेक ओबीएमच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं आणि पंपावर आता 20 टक्क्यांचं मिळतं. तुमच्या मॉडेलला काय चालतं ते कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून लेखी घ्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत टाकीत पेट्रोल ठेवून ऑगस्टला तेच वापरणाऱ्याला माझ्याकडे सहानुभूती नाही. आणि "पाणी खाणारं औषध" म्हणून बाटल्या विकतात, त्यांनी वेगळा झालेला थर पुन्हा चांगलं पेट्रोल होत नाही. टाकी रिकामी करून पुसा.

माणसाचा हातसुद्धा सामायिक असतो, हे कोणी लक्षात घेत नाही. 5 मे 1983 ला ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून नासाऊला निघालं. देखभालीत तिन्ही इंजिनांवर एकाच जागची रबरी रिंग बसवायची राहिली होती. तिन्हींचं तेल गळलं. एक बंद केलं, उरलेली दोन एकामागून एक विझली. बंद केलेलं पुन्हा चालू करून वैमानिकाने विमान मायामीला परत उतरवलं, 172 जण वाचले. तीन इंजिनं होती, चूक एकच होती. म्हणून सांगतो, दोन्ही मशीनचं सर्व्हिसिंग एकाच दिवशी उरकू नका. आज डावं करा, चार फेऱ्या मारा, मग उजवं. दोन टाक्या, दोन फिल्टर, दोन बॅटऱ्या. आणि स्टेअरिंग? ते बहुधा एकच असतं, दोन्ही मशीन दांडीने जोडलेली. त्याचं तेल आणि नटबोल्ट दर फेरीआधी हाताने चाचपा. जोडणी मात्र स्वतः करू नका, पेट्रोलचं काम आहे, जाणकाराकडून करून घ्या.

देवगडहून : मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झालीय, पण मशीन तापत नाही. चालवू का?

नाही. आधी नळीच्या तोंडाला रेती अडकलीय का बघा, नसेल तर इंपेलर, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चकती, बदलून घ्या.

अलिबागहून : जोडीतलं एकच चालवून दुसरं वर उचलून ठेवलं तर पेट्रोल वाचेल का?

सावकाश जाताना वाचेल. पळवायला गेलात तर एकट्या मशीनवर बोट पाण्यावर उचलत नाही, मशीन दमतं आणि पेट्रोल उलट जास्त जातं. एकालाच राबवायचं असेल तर आळीपाळीने राबवा.

वेंगुर्ल्याहून : एक मशीन गेलं तर दुसऱ्यावर घरी येताना काय सांभाळायचं?

गेलेलं वर उचला, पंखा पाण्यात लोंबत ठेवू नका. चालू मशीनला पूर्ण एक्सलेटर देऊ नका. फेरे वाढत नसतील आणि आवाज जड येत असेल तर ते कण्हतंय, कमी करा. उजवं चालू असेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे ओढते आणि उजवीकडे वळणं जड जातं, हे जेटीला लागण्याआधी मोकळ्या पाण्यात करून बघा. सगळ्यात महत्त्वाचं, ओहोटीला खाडीच्या मुखात एका मशीनवर घुसू नका. बाहेर नांगर टाका, भरतीची वाट बघा, तटरक्षक दलाला 1554 वर कळवा. "पोचतोच पाच मिनिटांत" म्हणणाऱ्यांना ओढून आणताना मी पाहिलंय. प्रवासी असतील तर हा विचार बंदरावरच करून निघा.

गोव्याहून : डाव्या-उजव्या फिरणीचे पंखे खरंच लागतात का?

मोठ्या जोडीला हो. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढते आणि स्टेअरिंग जड होतं. लहान मशीनला चालून जातं. पण नुसता उलटा पंखा बसवून भागत नाही, खालचा गिअरही त्या फिरणीचा लागतो. सर्व्हिसवाल्याला मॉडेल नंबर दाखवून विचारा.

रत्नागिरीहून : जुनी 60 ची जोडी स्वस्तात मिळतेय. घेऊ?

कव्हरवरचा आकडा वाचून घेऊ नका, स्टीकर कुठेही छापून मिळतो. फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटवरची नंबरपट्टी बघा आणि ती खरवडलेली असेल तर तिथूनच परत फिरा. बरी दिसली तर ओळखीच्या मेकॅनिककडून दोन्हींचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या.

मुरुडहून : 4 स्ट्रोकच्या मुख्य मशीनशेजारी जुनं 2 स्ट्रोक 8 चं आणीबाणीला ठेवलंय. टाकी एकच चालेल ना?

चालणार नाही. 2 स्ट्रोकला तेल मिसळलेलं पेट्रोल लागतं, बहुतेकांना 50 ला 1, म्हणजे दहा लिटरला 200 मिली. प्रमाण तुमच्या पुस्तकात बघून घ्या. तेलाविना ते थोड्याच वेळात धरेल, म्हणजे आतला पिस्टन अडकून बसेल, तेही नेमकं गरजेच्या वेळी. त्याला वेगळा डबा द्या आणि महिन्यातून एकदा ते पाण्यात चालवून बघा.

मांडव्याहून : सर्व्हिसिंगनंतरची चाचणी गेटवेजवळ घेतली तर चालेल?

नको. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली. मोकळं पाणी शोधा.