वाचकांचे प्रश्न : रेगेटॉनचा ठेका

प्रश्न : स्पॅनिशचा एक शब्दही कळत नसताना मी रेगेटॉन हे लॅटिन अमेरिकी नाचाचे संगीत तासन्‌तास ऐकतो. रेगे, रॅप, साल्सा असे बरेच काही त्यात कानावर पडते. मग या संगीताला स्वतःचे असे काही आहे, की ही नुसती सरमिसळ आहे?

उत्तर : स्वतःचे आहे, आणि ते ठेक्यात आहे. या ठेक्याला ‘डेम्बो’ म्हणतात. अर्ध्या आवर्तनाचे आठ सारखे भाग कल्पून पाहा. घुमणारा बास ड्रम पहिल्या आणि पाचव्या भागावर नेमाने पडतो, कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमचे आघात मात्र चौथ्या आणि सातव्या भागावर येतात. त्यामुळे खाली चार-चारची सरळ चाल आणि वर तीन-तीन-दोनची तिरकी चाल एकाच वेळी ऐकू येते. पाय पहिलीला धरून राहतात आणि उरलेले अंग दुसरीच्या मागे जाते. शब्द न कळताही आपण खिळून राहता ते बहुधा या ओढाताणीमुळेच.

ठेक्याचे नाव जमैकाचे गायक शाबा रँक्स यांच्या १९९० मधील ‘डेम बो’ या गाण्यावरून पडले. जमैकाचे संगीत स्पॅनिशमध्ये आले ते मात्र पनामातून. पनामा कालव्याच्या कामासाठी जमैका आणि बार्बाडोसहून मजूर आले होते. त्यांच्या वंशजांच्या वस्त्यांतून पुढे स्पॅनिश रेगे उभे राहिले आणि एल जेनेराल, नांडो बूम यांच्यासारखे गायक पुढे आले. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतही त्यावर काम झाले. नव्वदच्या दशकात पोर्तो रिकोमधील सान हुआनच्या डीजेंनी त्याला हिप-हॉपची जोड दिली आणि गरीब वस्त्यांतल्या तरुणांचे रॅप कॅसेटींवर भरून हातोहाती पसरवले. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या कॅसेटी जप्त केल्या, हेही विसरता कामा नये, कारण ज्या संगीताला तेव्हा गुन्हेगारीशी जोडले गेले, त्यातल्याच गायक डॅडी यांकी यांच्या २००४ च्या ‘गासोलिना’ची अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२३ मध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत नोंद केली.

आता सरमिसळीविषयी. ठेका इतका पक्का आहे, की त्यावर काहीही ठेवले तरी तो ओळखू येतो. रॅपर टेगो काल्देरॉन यांनी पोर्तो रिकोतील आफ्रिकी वंशजांचा बोम्बा हा ढोल-नाचाचा प्रकार त्यात आणला. ‘गासोलिना’चे संगीत-निर्माते लूनी ट्यून्स यांनी इतर गाण्यांत बचाता या डॉमिनिकन प्रेमगीतांच्या गिटारीचे सूर ठेक्यात गुंफले, त्या सुरांतली व्याकुळता नाचाच्या गाण्यात इतकी सहज मुरते, याचे मला आजही नवल वाटते. पोर्तो रिकोचे गायक बॅड बनी यांनी २०२५ च्या अल्बममध्ये प्लेना हे तिथले लोकसंगीत आणि साल्सा थेट वाद्यांसह घेतले. यात मला परके काहीच दिसत नाही. कॅरिबियन बेटांवरची ही नात्यातलीच संगीते आहेत.

एकच ठेका शेकडो गाण्यांत वापरला की कंटाळा येतो, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि बाजारासाठी घाईने रचलेल्या गाण्यांना तो लागूही पडतो. चांगले गाणे ओळखण्यासाठी पुढच्या वेळी फक्त स्नेअर ऐका : तो कधी थांबतो, कधी त्याचा नाद बदलतो आणि गायक त्याच्या किती मागे रेंगाळतो.