जुनी बलेनो घेताय? आधी चेसिस नंबर बघा

भाऊ, २०१९ ची पेट्रोल बलेनो बघतोयस ना, मग टोकन द्यायच्या आधी आरसीवरचा चेसिस नंबर (एमए३ ने सुरू होतो तो) मारुतीच्या साइटवर टाकून बघ, कारण ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या ७८,२२२ बलेनो २०२० च्या जुलैत फ्युएल पंपात (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप) दोष असू शकतो म्हणून कंपनीने परत बोलावल्या होत्या. पंप फुकट बदलून देत होते तरी काही मालक गेलेच नसतील, आपल्या लोकांचं माहितीये ना. सर्व्हिस हिस्ट्रीत नोंद माग, एजंटच्या "सगळं ओके आहे साहेब" वर जाऊ नकोस. आणि थंड गाडीची चावी फिरवून स्टार्टर न मारता ऐक, मागच्या सीटखालून त्या पंपाचा बारीक घूं आवाज येतो, तो अडखळला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नको.