एजंटचा आकडा आणि सूची दोनचा आकडा

मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचं पत्र: सासूबाईंच्या पश्चात नावावर झालेला वन बीएचके, इमारत 1986ची, भाडं 28,000. एजंट म्हणतो, 1 कोटी 30 लाखांचं गिऱ्हाईक आहे, महिनाअखेर हो-नाही सांगा. विकून पैसे एफडीत टाकू का?

ताई, घाई एजंटला आहे, तुम्हाला नाही. त्याचा आकडा खरा की खोटा, हे घरबसल्या कळतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक) आणि वर्ष टाका. तुमच्या नि शेजारच्या इमारतीतल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडेल. त्यात ‘मोबदला’ बघा. त्याखालच्या ‘बाजारभावा’ने फसू नका, तो सरकारी रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराचा आकडा. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ तोच धरून सौद्याला बसणार होते! नोंदवलेले लिव्ह अँड लायसन्सचे करारही तिथेच सापडतात, म्हणजे शेजारच्यांचं भाडं आणि डिपॉझिटही कळेल.

आता तुमचं भाडं. एक महिना घर रिकामं धरून वर्षाचे 3,08,000. मेंटेनन्स नि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते) मिळून 54,000, दलाली 28,000. उरले 2,26,000, म्हणजे एजंटच्या 1 कोटी 30 लाखांवर जेमतेम पावणेदोन टक्के. नुसत्या भाड्यावर बघितलं तर एफडी सहज जिंकते.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं काहीतरी चाललंय.’ अहो, सगळा निर्णय त्या ‘काहीतरी’वर अडलाय! सभासद म्हणून सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघायचा तुम्हाला हक्क आहे. सेक्रेटरींकडे लेखी मागा. पीएमसी (रिडेव्हलपमेंटचं काम बघणारा सल्लागार) नेमला का, त्याचा फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्रकल्प परवडेल का याचा अहवाल, आला का, बघा. प्रॉपर्टी कार्डही, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा, काढा. जमिनीवर अजून जुन्या मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, बहुधा राहिलंय आणि गाडी तिथेच रखडते.

जमीन सोसायटीच्या नावावर असेल आणि पीएमसीचं काम सुरू झालं असेल, तर मी विकणार नाही. कन्व्हेयन्स अडकलेलं आणि सभासदांत दोन तट असतील तर विका, पण मोबदल्याच्या रकान्यातल्या भावाने. तेव्हा सीएकडे जाताना, सासूबाईंनी घर त्याआधी घेतलं असेल तर, घराचं 1 एप्रिल 2001चं मूल्यांकन हाताशी ठेवा, भांडवली नफ्याच्या हिशेबाला लागेल.

टोकनचा चेक मात्र तोवर घेऊ नका.