वेल्स सोडून इंग्लंडमध्ये आलेल्यांना तिथल्या खाण्याची, वातावरणाची आठवण येते का? वेल्श पदार्थ इथे कुठे मिळतात?

येते. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही म्हणता, शिक्षण आणि पहिली नोकरी कार्डिफला झाली, आता बर्मिंगहॅमला आहात, आणि वेल्सची आठवण काढली की इथले मराठी मित्र "मराठी माणसाला वेल्सचं एवढं काय?" म्हणून हसतात. पदार्थांचं सांगते, पण आधी या हसण्याबद्दल बोलू दे. हेच वाक्य मी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलंय आणि ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आम्ही स्वान्सीच्या वरच्या अंगाला, टावे नदीच्या खोऱ्यात राहायचो. नवरा डॉक्टर. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांत आपल्याकडच्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या दवाखाने चालवलेत, त्यामुळे गावाला आमचं नवल नव्हतं. शेजारी एक आजी होत्या, खाणकामगाराच्या विधवा. तिकडे आजीला मामगी म्हणतात. माझी लेक बोलायला लागली तशी त्यांनाच मामगी म्हणू लागली आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

माझ्या बाळंतपणाला आईचं मालवणहून येणं जमलं नाही. नवऱ्याच्या ड्युट्या चालू. मी टाके सांभाळत वरच्या मजल्यावर आणि खाली स्वयंपाकघरात कोणी नाही. तिसऱ्या दिवशी मामगींनी दार वाजवलं आणि हातात झाकण बांधलेलं पातेलं. काउल. मेंढीच्या मानेचं मटण हाडासकट मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं, त्यात स्वीड नावाचा सलगमसारखा कंद, गाजर, बटाटा, आणि लीक, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, अगदी शेवटी घातलेला, म्हणजे हिरवा राहतो. वर तरंगणारी चरबी त्यांनी रात्रीच काढून टाकली होती, कारण काउल आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी गरम करायचा असतो, तरच त्याला चव येते. बरोबर जाड कापलेला पाव, खारं लोणी आणि केअरफिली चीजचा तुकडा. मी पलंगावर बसून खाल्लं आणि मला दूध उतरलं, असं मी आजही मानते. डॉक्टर नवरा काही म्हणो. त्यानंतर महिनाभर त्या पातेल्याची ये-जा चालू होती.

आता सांगा, ज्या माणसाने बाळंतिणीला भरवलं त्याच्या हातच्या चवीची आठवण येऊ नये?

मग आम्ही लेस्टरला आलो. लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोडवर काय मिळत नाही? मेथी, शेवग्याच्या शेंगा, नाचणीचं पीठ, मोसमात हापूस, दिवाळीला रस्ताभर दिवे. स्वान्सीत असताना मी ज्या ज्या गोष्टींसाठी जीव टाकायचे त्या सगळ्या चालत जाण्याच्या अंतरावर आल्या. आणि मी दर शनिवारी सकाळी स्वान्सी मार्केटच्या आठवणीने अस्वस्थ व्हायचे. त्या मार्केटच्या मधोमध कॉकलवाल्या बायकांचे गाळे आहेत. गाउअरच्या किनाऱ्यावरच्या पेनक्लाउध गावचे कॉकल, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारखे छोटे शिंपले. पूर्वी तिथल्या बायका ओहोटीला गाढवं घेऊन वाळूत उतरायच्या आणि कॉकल वेचून स्वान्सीला विकायला आणायच्या. मी कोळणींच्या गावची, मला त्या गाळ्यांपुढे उभं राहिलं की बरं वाटायचं. कॉकल उकडून, शिंपल्यातून काढून मिळतात. तिकडची माणसं वर व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड घालून तिथेच उभ्याने खातात. मी घरी आणून खोबऱ्याच्या वाटणात सुकं करायचे आणि एक वाटी मामगींना द्यायचे.

त्याच गाळ्यावर लाव्हरब्रेड मिळतं. नावात ब्रेड असला तरी पाव नाही, ते समुद्री शेवाळ. खडकांवरून काढून, वाळू जाईपर्यंत धुऊन, तासन्‌तास उकळून गिळगिळीत होईपर्यंत शिजवलेलं. दिसायला थेट आपलं अळूचं फदफदं, फक्त जास्त काळं. मामगी त्यात ओटचं पीठ कालवायच्या, हातावर चपट्या टिकिया थापायच्या आणि बेकनच्या सुटलेल्या चरबीत परतायच्या. कडा कुरकुरीत होतात, आत मऊ, आणि पहिल्या घासाला ओहोटीच्या वेळचा समुद्र तोंडात येतो. लेस्टरमध्ये मला ताजं लाव्हरब्रेड कुठेही मिळालेलं नाही.

तर त्या पहिल्या वर्षी दिवाळीला लंडनजवळ दिराच्या घरी फराळाला जमलो होतो. मी चकल्यांबरोबर वेल्श केक करून नेले. डुकराची चरबी न घालता सगळं लोण्यात केलेले, कारण तिथे शाकाहारी माणसं होती. भाऊजींनी एक उचलला, म्हणाले, "हे काय, स्कोन?" मी म्हटलं, नाही, वेल्श केक, भाकरीच्या तव्यावर भाजलेत. तर म्हणाले, "एकच ते. वहिनी, वेल्स म्हणजे इंग्लंडचाच एक जिल्हा. आणि आठवण काढायची तर मालवणची काढा. परक्यांच्या शेवाळाचं कसलं कौतुक?" सगळे हसले. माझी लेक शेजारी बसली होती, तिने खाणं थांबवलं.

मी तिथे जे बोलले ते इथेही लिहिते, म्हणजे तुमच्या मित्रांना सांगता येईल. वेल्स इंग्लंडचा जिल्हा नाही. आधी भाषा घ्या. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 5 लाख 38 हजार निघाले, म्हणजे 17.8 टक्के. एवढ्या थोड्या लोकांनी रस्त्यावरच्या पाट्यांपासून न्यायालयापर्यंत आपली भाषा आणली. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'वेल्श नॉट' नावाची लाकडी फळी अडकवायचे. 1980 साली वेल्श भाषेतल्या टीव्ही वाहिनीचं दिलेलं वचन सरकार मोडायला निघालं, तेव्हा वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनव्होर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं आणि 1982 मध्ये एस-फोर-सी सुरू झाली. माझी लेक त्याच वाहिनीवरच्या गाण्यांवर वाढली.

आणि पाणी. उत्तर वेल्समधलं कापेल केलिन नावाचं गाव, पूर्ण वेल्श बोलणारं, शाळा, प्रार्थनाघर, दफनभूमी असलेलं, 1965 मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरणाखाली गेलं. वेल्समधल्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध असताना. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती 2005 मध्ये. त्या खोऱ्याचं नाव त्रवेरिन. 'त्रवेरिन विसरू नका' ही वेल्श अक्षरं आजही वेल्समधल्या भिंतींवर दिसतात. मुळशीचा सत्याग्रह ज्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलाय त्यांना यातलं दुःख समजावून सांगावं लागू नये.

परक्यांचं कौतुक म्हणाल तर, लेकीला आम्ही वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं तेव्हा मामगींनी मला पहिला प्रश्न विचारला, "घरी तिच्याशी तुझी भाषा बोलतेस ना?" त्यांच्या वडिलांनी, इंग्रजीने नोकरी मिळेल म्हणून, मुलांशी वेल्श बोलणं बंद केलं होतं. मामगींना वेल्श कळायचं, पण बोलताना अडखळायच्या आणि ते त्यांना आयुष्यभर डाचत राहिलं. त्यांनी विचारलं म्हणून मी घरात मराठीचा नेम धरला. आज लेक मराठी वाचते, लिहिते. भाऊजींच्या घरात आजीशी इंग्रजीत बोलतात. आठ कोटींच्या वर माणसं आहोत आपण, आणि घरात ही स्थिती. हे मी त्या दिवशी बोलले नाही, फराळाच्या ताटावर बोलायचं नव्हतं. आज लिहिते.

आता तुमचं. पाकिटातले वेल्श केक इंग्लंडच्या बऱ्याच सुपरमार्केटात मिळतात, घेऊ नका. गार आणि ठिसूळ. वेल्श केक तव्यावरून थेट साखरेत आणि साखरेतून तोंडात. घरीच करा: 225 ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ, 110 ग्रॅम लोणी, 80 ग्रॅम बारीक साखर, मूठभर काळे मनुके, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि जायफळ. लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, मळायचं नाही. अंगठ्याच्या अर्ध्या जाडीचे लाटा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. तवा तापला का बघायला मामगी वर चिमूटभर पीठ टाकायच्या. हळूहळू बदामी झालं तर बरोबर, लगेच काळं पडलं तर तवा उतरवायचा. बारा ब्रीथ, म्हणजे तिकडचा सुकामेव्याचा गोड पाव, तर आणखी सोपा, सुकामेवा रात्रभर कडक चहात भिजवला की अर्धं काम झालं. लाव्हरब्रेड टिनातलं ऑनलाइन मागवता येतं. ताज्याची सर नाही, पण ओट घालून तळलं की भागतं. केअरफिली सुपरमार्केटचं साबणासारखं लागतं, चीजच्या दुकानातून घ्या, मग ते सॉमरसेटमध्ये बनलेलं असलं तरी हरकत नाही, तिथेही ते बरीच वर्षं बनतंय. करीबरोबर अर्धा भात आणि अर्धे चिप्स, ते कार्डिफचं हाफ अँड हाफ, इथे मागितलं तर दुकानदार गोंधळतो. त्याला सविस्तर सांगा, देतो.

वातावरणाचं विचाराल तर ते मागवता येत नाही, तिथे जावं लागतं. बर्मिंगहॅमहून कार्डिफला थेट गाडी आहे, तुम्हाला सबबच नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय आइस्टेधवोद, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताचा मेळा असतो, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. 2024 ला पॉन्टिप्रिथला होता, आम्ही गेलो होतो. सगळा कारभार वेल्शमध्ये, पण मंडपात भाषांतराचे हेडफोन मिळतात. विजेत्या कवीला खुर्चीवर बसवण्याआधी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढतात आणि "शांती आहे का?" असं तीनदा विचारतात, आणि सगळा मंडप "हेधूख!", म्हणजे "शांती!", म्हणून उत्तर देतो. कवीसाठी एवढी माणसं उठून उभी राहताना मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आणि परमुलखात राहून हे जपणं काही नवं नाही. 1917 चा आइस्टेधवोद इंग्लंडमध्ये, बर्केनहेडला भरला होता. जिंकलेला कवी हेध विन त्याआधीच पहिल्या महायुद्धात मारला गेला होता, म्हणून त्याची खुर्ची काळ्या कापडाने झाकली. लंडनला ग्रेज इन रोडवर वेल्श केंद्र आहे, तिथे गायनवृंद आहेत, वेल्शचे वर्ग आहेत, आणि रग्बीच्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नसते.

दोन गोष्टी राहिल्या. मी दक्षिणेची, उत्तरेकडच्या माणसाने लिहिलं तर काउलऐवजी लॉबस्कॉस सांगेल आणि आजीला नैन म्हणेल. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर विकतच्या वेल्श केकचं पाकीट वाचून घ्या, पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. तुमच्यासाठी ग्लॅमॉर्गन सॉसेज आहे, केअरफिली, लीक आणि पावाचा चुरा, त्यात मांस नाही. थायरॉइडचा त्रास असला तर लाव्हरब्रेड डॉक्टरांना विचारून खा, आयोडीन भरपूर असतं.

भाऊजी हे वाचणार, मला माहीत आहे. भाऊजी, धाकटीला रविवारी सकाळी व्हिडिओवर माझ्यासमोर बसवा. अर्धा तास मराठी वाचून घेते. माझी लेकही बसेल, गाणी तीच शिकवेल.